एक्केचाळीसावा लिफाफा

३ मार्च

धाकट्या,

हे पत्र तुझी बायको तुझ्या ताटाशेजारी ठेवणार आहे. तू ते बाजूला सारशील, जेवशील, हात धुशील आणि ती स्वयंपाकघरात गेली की हळूच उघडशील. लहानपणी रुसलास की असाच जेवायचास, आधी नको म्हणायचं आणि सगळे उठले की ताट ओढायचं. तेव्हा आता उगाच नाटक करू नकोस, वाच.

तिच्यावर डाफरू नकोस. घाबरली म्हणून तिने मला फोन केला. उजव्या जांघेत पुन्हा फुगवटा आलाय म्हणाली, लिंबाएवढा. आडवा झालास की आत जातो, उभा राहिलास की बाहेर येतो. तू म्हणे कमरेला पट्टा आवळून छापखान्यात जातोस आणि वर कागदाचे गठ्ठेही उचलतोस. अठ्ठावन्न वर्षांचा घोडा झालास, अक्कल कधी येणार?

सहा वर्षं तू माझ्याशी बोलला नाहीस. शेवटचं वाक्य तुझं होतं, "ताई, तू मला प्रयोगातला उंदीर केलंस." मी तेव्हा गप्प बसले आणि आजही त्या विषयात शिरणार नाही. आज फक्त कामाचं बोलते.

ऑपरेशन करून घे आणि या वेळी जाळी घालून घे. आजवर तुझे तीन वेळा नुसते टाके झाले. पहिले आमच्या मोठ्या सर्जन सरांनी घातले, पुढचे दोन तू हट्टाने घालून घेतलेस. भोकाच्या कडा ओढून एकत्र आणायच्या आणि शिवायच्या. तू जोर केलास की त्या पुन्हा फाकतात. जाळी मागून आधार देते, कडा ओढाव्या लागत नाहीत.

हे माझं मत नाही. आमच्या रुग्णालयातल्या अभ्यासात दोनशे चाळीस माणसं होती, त्यांत तूही. निम्म्यांना टाके, निम्म्यांना जाळी. कोणाला काय मिळणार हे सरही ठरवत नव्हते आणि मीही नाही. बंद लिफाफे होते, बाहेर नंबर आणि आत चिठ्ठी. ज्या क्रमाने माणसं टेबलावर येतील त्या क्रमाने एकेक लिफाफा फोडायचा. मग पाच वर्षं प्रत्येकाची फेरतपासणी. जांघेवर दोन बोटं ठेवायची आणि म्हणायचं, खोका. आतून धक्का लागला तर परत आलंय, नाही लागला तर नाही. ती बोटं माझी होती. टाक्यांच्या गटात तेरा जणांचा हर्निया परत आला, जाळीच्या गटात तिघांचा. काही जण गाव सोडून गेले, सापडलेच नाहीत, पण ते दोन्हीकडे सारखेच. आणि आमचं सोड, असे अभ्यास कितीतरी देशांत झाले. हजारो माणसं एकत्र मांडली तरी पारडं त्याच बाजूला झुकतं.

जाळी म्हणजे जादू नव्हे, तेही सांगते. काहींना आत काहीतरी आहे असं वाटत राहतं. क्वचित पू होतो, एखाद्याची काढावी लागते. दुखणं काहींचं राहतं, पण ते टाक्यांतही राहतं. हे सगळं जमेला धरूनही मी तुला जाळीच सांगेन.

एक विचारायचं होतं. तुझ्या बायकोला फुगवटा सव्वीस फेब्रुवारीला दिसला. तुला आधी दिसला होता का, आणि नक्की कोणत्या तारखेला? कारण विचारू नकोस. तारीख तेवढी कळव.

ताई


९ मार्च

धाकट्या,

कार्ड मिळालं. सहा वर्षांनी पाच शब्द. "तेवीसला सकाळी. तुला काय करायचंय?"

तेवीस वाचलं आणि मी लगेच कागद घेऊन बसले. मला काय करायचंय ते सांगते. हसू नकोस. चाळीस वर्षं मी ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स म्हणून काढली, मेलेली माणसं स्वतःच्या हाताने गुंडाळली. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, तुला माहीत आहे. म्हणूनच हे कोणाला सांगितलं नव्हतं.

अभ्यासात एक माणूस होता, नंबर एक्केचाळीस. नाव असेलच, पण आम्ही सगळ्यांना नंबरानेच ओळखायचो. शिलाई मशीन दुरुस्त करायचं त्याचं छोटं दुकान आहे. किडकिडीत, इस्त्रीचा सदरा, बोटांना कायम मशीनच्या तेलाचा वास. तुझ्याच वयाचा. तुझं पहिलं ऑपरेशन झालं त्याच दिवशी त्याचंही झालं. त्याला जाळी निघाली होती. फेरतपासणीला कधी चुकला नाही. एकदा मला म्हणाला, सिस्टर, तुमची जाळी मला लगेच कळली. कापड उसवलं की त्याच कडा ताणून शिवल्या तर तिथेच पुन्हा उसवतं, मागून दुसरं कापड लावावं लागतं. पाच वर्षं सर जे शोधत होते ते त्याने एका वाक्यात सांगितलं.

ऑपरेशनला दोन वर्षं झाली तेव्हा हा माणूस तारीख नसताना आला. तपासणीची ती खोली तुला आठवत असेल, हिरवा पडदा आणि फाटक्या रेक्झिनचं टेबल. आडवा झाला आणि म्हणाला, बाहेर आलंय. मी बोटं ठेवली, खोका म्हटलं. काही नाही. भिंतीवर हात ठेवावा तसं घट्ट. पण त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि हा काही कांगावा करणारा माणूस नव्हे. मी लिहिलं, तक्रार आहे, आढळलं काही नाही. चार दिवसांनी तुझा फोन आला, ताई, परत आलंय गं. तेव्हा मी दोन गोष्टी जोडल्या नाहीत. कोण जोडेल?

ऑपरेशनला नऊ वर्षं झाली तेव्हा पुन्हा. त्याची फेरतपासणी संपून चार वर्षं झाली होती. तो सकाळी थेट माझ्या दारात. घर कसं सापडलं विचारलं तर म्हणाला, माहीत नाही, चालत चालत आलो. बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपवून तपासला, काही नाही. चहा पिता पिता आपल्याच नादात म्हणाला, आता कागद उचलताना जपायला हवं. मी म्हटलं, अहो तुम्ही मशीनवाले, तुम्हाला कसला कागद? तो कपात बघत बसला. म्हणाला, खरंच की, मी असं का म्हटलं? त्याच आठवड्यात तुझं दुसऱ्यांदा परत आलं.

आणि आता तेवीस फेब्रुवारी. सकाळी साडेनऊला बेल वाजली. दारात तो. पिकलाय, हृदयाच्या गोळ्या चालू आहेत. थेट दिवाणावर झोपला आणि सदरा वर केला. मी बोटं ठेवली. खोका. तो खोकला आणि माझ्या बोटांखाली काहीसुद्धा हललं नाही. पण धाकट्या, तो एकटा खोकला नाही. मला दोन खोकले ऐकू आले, एक त्याचा आणि त्याच्या मागोमाग दुसरा, जाड, शेवटी घसा खाकरणारा. तो मी ओळखते. बाबांचा तसा होता आणि तुझाही तसाच आहे.

त्याला विचारलं, कोण खोकलं? म्हणाला, रोजच होतं, सिस्टर. मी खोकलो की कोणीतरी खोकतं, आणि शाईचा वास येतो. मग म्हणाला, तिथे जे दुखतं ना, ते माझं नाही. जाताना चौकटीवर दोनदा टकटक केलं आणि म्हणाला, येतो ताई. सोळा वर्षं मला सिस्टर म्हणणारा माणूस. निघताना चौकटीवर टकटक करायची खोड तुझी, ते तुला सांगायला नको.

तो कोण, कुठला, मला खरंच माहीत नाही. तुझा आणि त्याचा दिवस एक होता, एवढाच काय तो संबंध. मी म्हातारी झालेय, माझे कान वाजत असतील. तू फक्त डॉक्टरकडे जा.

ताई


१३ मार्च

धाकट्या,

तुझं डोकं लहानपणापासून तल्लख, नको तिथे जास्तच. कार्डावर विचारतोस, "तुझा तो माणूस माझ्याच दिवशी होता, तर तो माझ्या आधी आत गेला. मला बाहेर ताटकळत ठेवलं होतं. का?"

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. एवढाच संबंध नाही. आता सांगते ते वाचून पत्र फाडलंस तरी चालेल, पण पूर्ण वाचून मग फाड.

त्या सकाळी यादीत तू पहिला होतास आणि तो दुसरा. लिफाफे माझ्या ताब्यात होते. थिएटरच्या बाहेरच्या खोलीत एक्स-रे बघायची दिव्याची पेटी होती, भिंतीवरची. मी एक्केचाळीसावा लिफाफा उचलला आणि त्या पेटीवर धरला. आतल्या चिठ्ठीवरची अक्षरं दिसली. जाळी. मग बेचाळीसावा धरला. टाके.

आदल्या महिन्यात दुसरीकडून आलेला एक रुग्ण आम्ही उघडला होता. त्याची जाळी पुवाने भिजलेली निघाली, मी ती चिमट्याने ट्रेमध्ये टाकली होती. तो वास माझ्या नाकातून गेला नव्हता. वाटलं, हे माझ्या भावाच्या अंगात जाणार? तेव्हा कोणालाच नक्की माहीत नव्हतं रे, काय चांगलं आणि काय वाईट. माहीत नव्हतं म्हणूनच तर लिफाफे होते. पण मला वाटलं की मला माहीत आहे.

लिफाफे बदलता येत नव्हते, वर नंबर होते. म्हणून मी माणसं बदलली. सरांना जाऊन सांगितलं, याने सकाळी चहा घेतलाय, याला मागे ठेवू, दुसऱ्याला आधी घेऊ. पोटात चहा म्हटल्यावर भूल देणारे डॉक्टर लगेच हो म्हणाले. तो आत गेला आणि एक्केचाळीस झाला. तू दीड तास बाकावर बसलास आणि बेचाळीस झालास. पुढे मी तुला वर तोंड करून सांगितलं, बरं झालं जाळी नाही निघाली, ती आत कुजते. तेच धरून बसून तू पुढच्या दोन्ही वेळा टाकेच घालून घेतलेस. मग रुग्णालयाचा वार्षिक अहवाल नेमका तुझ्याच छापखान्यात आला, तेरा आणि तीनचं ते कोष्टक तुझ्याच हाताखालून गेलं, आणि तू मला उंदीर म्हणालास. तुला वाटलं, मी तुला नशिबावर सोडलं. तसं सोडलं असतं तर तू सोळा वर्षं सुखात असतास.

आणि त्याचं काय? माझ्या भावाला नको वाटलेली गोष्ट मी एका परक्या माणसाच्या अंगात घालू दिली. ती त्याला लाभली हा माझा चांगुलपणा नाही. मी तर त्याला वाईट तेच दिलं होतं. दर वर्षी तो आडवा व्हायचा, सिस्टर तुमचे उपकार म्हणायचा, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तपासणाऱ्याला कोण कुठल्या गटातला ते माहीत नसावं असा नियम होता. लिफाफे सर आत फोडायचे, म्हणून बाकीच्यांचं मला माहीत नसायचं, पण दोघांचं माहीत होतं, तुझं आणि त्याचं.

काल मोठ्या सरांना फोन केला आणि हे सगळं सांगितलं. ब्याऐंशी वर्षांचे आहेत. सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणखी किती?" मी म्हटलं, आणखी एकही नाही, आईची शपथ. तासाभराने त्यांनीच फोन केला. जुनी वही काढून तुम्हा दोघांना वगळून बघितलं होतं. बारा आणि तीन. निष्कर्ष तोच राहतो म्हणाले, पण सिस्टर, लिफाफे तुमच्या हाती आहेत म्हणून मी निर्धास्त झोपायचो. आता ज्या मासिकात लेख छापून आला त्याला ते पत्र लिहिणार आहेत. लिहू देत.

मला वाटतं, त्या दिवशी फक्त चिठ्ठी बदलली नाही. त्याच्या अंगात जी जाळी आहे ती तुझी आहे, आणि तुझं दुखणं तिला कळतं. तू मला वेड्यात काढ, पण डॉक्टरकडे जा. वर्षानुवर्षं आत-बाहेर करणारं आतडं एक दिवस अडकतं. मग ते आत जात नाही, कडक होतं, काळं पडायला लागतं. तसं झालं तर तुझ्या हाती फक्त काही तास असतील. मी चुकले. मला तू हवा आहेस.

ताई


१७ मार्च, सकाळी साडेदहा

धाकट्या,

काल तुझं कार्ड आलं. "चहा मी प्यायलो नव्हतो." बस्स, एवढंच. मी ते दहा वेळा वाचलं. नव्हतास प्यायलास, बाळा. डोकं दुखतंय म्हणून कुरकुरत होतास आणि मी तुला गप्प बस म्हटलं होतं.

आता लिहितेय कारण हात रिकामे ठेवले तर मी किंचाळेन. आज सकाळी नऊला तो आला. रिक्षावाल्याने धरून दारापर्यंत आणला. सदरा घामाने चिंब, ओठ पांढरे. दिवाणावर आडवं होता येईना, म्हणून तुझ्या आवडत्या उंच पाठीच्या खुर्चीत बसवला. म्हणाला, ताई, अडकलंय, आत जात नाही. मी गुडघ्यांवर बसून बघितलं. जांघ सपाट. वर कातडी गार आणि आत जाळी घट्ट, जिथल्या तिथे. त्याने माझा हात धरून एका जागी दाबला. तिथे काहीच नव्हतं, आणि तिथे दाबल्यावर तो ओरडला.

मी तुझ्या घरी फोन लावला. तुझी बायको म्हणाली, वन्सं, हे सकाळपासून मोरीत आहेत, कडी लावलीय, पोट बिघडलंय म्हणतात. मी म्हटलं, दार तोड. ती गोंधळली. मी म्हटलं, बाई गं, शेजारच्यांना बोलाव, दार तोड आणि त्याच्या जांघेला हात लावून बघ, कडक लागलं तर तशीच गाडीत घाल. फोन तसाच चालू ठेवून ती गेली. मला दारावरचे धक्के ऐकू येत होते. त्या प्रत्येक धक्क्याला इथे हा खुर्चीत दचकत होता.

पावणेदहाला तू रुग्णालयात पोचलास. दहाला ती म्हणाली, लगेच घेताहेत, आतडं वाचलं तर बघू म्हणताहेत. मी विचारलं, जाळीचं बोललीस? तर म्हणाली, मी तोंड उघडायच्या आधी यांनीच सर्जनला सांगितलं, "माझी सोळा वर्षांपूर्वीची जाळी राहिलीय, ती घाला." आतडं जिवंत असेल तर घालू म्हणाले.

तुझ्या जिभेला हाड नाही. अशा वेळीसुद्धा.

मी इथून निघू शकत नाही. प्रवास पाच तासांचा, आणि याला कोणाच्या भरवशावर सोडू? अ‍ॅम्ब्युलन्स बोलावते म्हटलं तर नको म्हणतो. म्हणतो, तिथे काय सांगणार, दुखतंय ते माझं नाही म्हणून? मी त्याची नाडी बघितली, जलद आहे पण नीट लागतेय. सारखी त्याच्याकडे बघतेय, कारण तुझ्याकडे बघायला माझ्याजवळ दुसरी खिडकी नाही. हे लिहिता लिहिता दहा पन्नासला तो म्हणाला, डोळ्यांवर दिवा आलाय. माझ्या खोलीत पडदे ओढलेले आहेत. अकराला म्हणाला, कोणीतरी आकडे मोजायला सांगतंय. मी म्हटलं, मोजा. तो एकापासून मोजायला लागला आणि सातला थांबला.

अकरा चाळीस. त्याने हात पोटावरून उचलला. चेहरा अगदी मोकळा झालाय. म्हणाला, "गेलं, ताई. आता काही नाही." आणि डोळे मिटले.

काही नाही म्हणजे काय, धाकट्या? सुटलं की संपलं? फोन वाजतोय. मला उचलवत नाही.


२० मार्च

धाकट्या,

हे तुला रुग्णालयातच मिळेल. तुझी बायको म्हणाली, काल दोन पावलं चाललास आणि नर्सशी भांडलास, म्हणजे बरा आहेस.

फोन उचलला तेव्हा ती रडत होती. मला वाटलं, संपलं. मग कळलं की ती हसतही होती. आतड्याचा रंग परत आला होता, गरम पाण्याच्या फडक्यात धरल्यावर गुलाबी झालं म्हणाले. कापावं लागलं नाही. नंतर कळलं, अकरा वाजून चाळीस मिनिटांनी त्यांनी ते आत ढकललं आणि मग जाळी शिवली. मी भिंतीला टेकून खाली बसले आणि मोठ्याने रडले. इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. आनंदाने रडले हे तुला मुद्दाम सांगतेय, कारण पुढे जे आहे ते त्याच्याशिवाय सांगता येणार नाही.

रडता रडता मी त्याला म्हणाले, वाचला हो, माझा भाऊ वाचला. तो काही बोलला नाही. झोप लागली असेल म्हणून मी त्याच्यासाठी पाणी आणायला आत गेले. परत आले, खांद्याला हात लावला. तेव्हा कळलं.

धाकट्या, मी फोनवर हसत-रडत होते ती दोन-तीन मिनिटं तो माझ्यापासून चार हातांवर मेलेला बसला होता. चाळीस वर्षांची नर्स मी, आणि मी पाठ फिरवून उभी होते. त्याला खाली घेतलं, छाती दाबली, अ‍ॅम्ब्युलन्सवाले येईपर्यंत दाबत राहिले. उपयोग झाला नाही. डॉक्टरांनी लिहिलं, हृदयक्रिया बंद पडून. जुना हृदयाचा रुग्ण, वय, जागरण. बरोबरच आहे ते, मीही तेच लिहिलं असतं.

पण ते यायच्या आधी मी एक गोष्ट केली. सदरा वर करून दोन बोटं त्याच्या जांघेवर ठेवली, सोळा वर्षं ठेवली तशी. खोका म्हणता आलं नाही. सगळं जागच्या जागी होतं, कुठे पोकळ नाही, कुठे उसवलेलं नाही. अभ्यासाच्या भाषेत सांगायचं तर ऑपरेशन शेवटपर्यंत टिकलं. मोठ्या सरांना कळवलं. ते म्हणाले, वहीत नोंद करतो.

संध्याकाळी त्याची मुलगी आली. शाळेत शिकवते, शांत आहे. बाप इथे काय करत होता हे तिला समजेना. दुखत होतं म्हणून आले होते, एवढंच मी सांगितलं. काय दुखत होतं, असं तिने विचारलं. मी तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. मग तिने माझे दोन्ही हात धरले आणि शेवटी ते एकटे नव्हते म्हणून माझे आभार मानले. मी हात सोडवून घेतले. तिला वाटलं असेल, कसली बाई आहे ही.

मला आता झोप येत नाही. डोळे मिटले की एकच विचार येतो. सोळा वर्षांपूर्वी मी तुझ्या वाटणीचं त्याला दिलं, कारण मला तू वाचायला हवा होतास. सतरा तारखेला सकाळी त्याच्याकडे बघत बसले होते तेव्हाही मनात एकच होतं, माझा भाऊ वाचू दे, बाकी काहीही होऊ दे. बाकी म्हणजे कोण, ते समोर बसलं होतं. मी दोन्ही वेळा त्यालाच आत पाठवलं.

तू म्हणशील, ताई, असं काही नसतं. म्हण. मला तुझ्या तोंडून ते ऐकायचंय. सहा आठवडे वजन उचलू नकोस, खोकताना उशी पोटाशी धर. टाके सुकले की इकडे ये. मुलीचा पत्ता माझ्याजवळ आहे. आपण दोघं तिच्याकडे जाऊ, आणि तिचा बाप माझ्या खुर्चीत कोणाचं दुखणं घेऊन बसला होता ते तू तिला सांग. मी दोनदा तिच्या दारापर्यंत गेले आणि परत आले.

ताई